विषय: एक्सपोर्ट केलं की बटणावरची मराठी मोडते, पैसे परत द्या

नमस्कार सपोर्ट टीम,

मी कोल्हापुरात राजारामपुरीत वेबसाइटची कामं करतो. तुमचं बटण-बॅनर बनवायचं सॉफ्टवेअर वर्षाचे पैसे एकदम भरून घेतलंय, कारण तुमच्या साइटवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की मराठी चालते. कुठं चालते ते दाखवा जरा.

एका चप्पलवाल्यांची साइट करतोय. त्यांना बटणावर चामड्याची शिलाई दिसेल असं टेक्श्चर पाहिजे आणि त्यावर 'ऑर्डर द्या'. एडिटरमध्ये एक नंबर दिसतंय, पण पीएनजी (चित्राची फाइल) एक्सपोर्ट करून काढली की रफार डोक्यावरून गायब, र चा पाय मोडलेला, 'द्या'चे दोन तुकडे. 'किंमत बघा' मध्ये वेलांटी क च्या अलीकडं पाहिजे ती म च्या डोक्यावर जाऊन बसते. एसव्हीजी (रेषांच्या चित्राची फाइल) काढली तरी तेच, आणि बटणाच्या नॉर्मल, होव्हर (माउस वर नेल्यावर), प्रेस्ड (दाबल्यावर) तिन्ही रूपांत तेच. मालक म्हणाले, हे काय लिहिलंय ओ, गिऱ्हाईक हसंल.

तुमचं उत्तर आलं, फॉन्ट बदला. बदलला की राव! मुक्ता घेतला, बलू घेतला, दोन्ही फॉन्ट ब्राउझरमध्ये बरोबर दिसतात, तुमच्याच एडिटरमध्ये पण दिसतात, मग एक्सपोर्टलाच काय होतंय? युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर साठवलेली असते, दाखवताना ती अक्षराच्या अलीकडं आणायची आणि जोडाक्षरं जोडायची हे सॉफ्टवेअरचं काम, ते तुमचं एक्सपोर्ट करतच नाही, एकेक अक्षर सुटं टाकून मोकळं होतंय. टेक्स्टचे कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा) म्हणालात तेही केलं, मोडलेल्या अक्षरांचेच कर्व्ह झाले.

दुसरा सल्ला स्क्रीनशॉट घ्या. अहो त्यात मागचं बॅकग्राउंड पारदर्शक राहत नाही आणि चांगल्या मोबाइलवर कडा फुटतात. गोल कोपरे, सावली, ग्रेडियंट (रंगाची छटा) तर सीएसएसमध्ये (वेबपेज सजवायचा कोड) चार ओळीत फुकट होतंय, पैसे भरले ते टेक्श्चरवर अक्षरं बसवायला, तेच नेमकं होत नाही.

आता फॉन्टवाला मेसेज परत पाठवू नका. हे कधी दुरुस्त होणार ती तारीख लेखी द्या, जमत नसेल तर पूर्ण वर्षाचे पैसे परत करा, आणि साइटवरनं ती मराठीची ओळ काढा. बिल, एडिटरचा फोटो आणि एक्सपोर्टच्या दोन्ही फाइल जोडल्यात.

तुमचा एक वैतागलेला ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर