दगड घेताना गावाचं नाव विचार

पुणे, १२ जानेवारी

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला फोटो काल रात्री तीनदा मोठा करून पाहिला. तो हिरवट, चौकोनी दगड म्हणजे अपोफिलाइट नावाचा स्फटिकच आहे. पण त्याच्याखाली नुसतं 'इंडिया' लिहिलेलं वाचून जीव तुटला. अरे, आपण पतंग उडवायला पाषाणच्या टेकडीवर जायचो ना, त्या भागातल्या खाणींतून असाच हिरवा अपोफिलाइट निघायचा आणि जगभर जायचा. आता तिथे वस्ती झाली. तुझ्या हातात आलेला तुकडा तिथलाही असेल, नाहीतर जळगावचा, नाहीतर नाशिककडचा. ज्याने पहिल्यांदा गाव लिहायचं टाळलं, त्याने ती गोष्ट कायमची पुसली. फोटोवरून मी दगड ओळखू शकतो, त्याचं गाव नाही.

म्हणून, ईरासाठी घेऊ का विचारलंस, तर हा नको घेऊस. तू फीनिक्सला राहतोस आणि टूसॉन तुझ्यापासून दोन तासांवर. तिथे १९५५ पासून दगडांची जत्रा भरते, हल्ली फेब्रुवारीत. गावातली हॉटेलं आणि मोटेलंसुद्धा दुकानं होतात, खोलीतला पलंग बाहेर काढून टेबलं मांडतात. लेकीला घेऊन जा. तिथे टेबलाटेबलांवर आपला महाराष्ट्र मांडलेला दिसेल. जुन्या चिठ्ठ्यांवर अहमदनगर, पूना अशी नावं असतील, ती वाचून दाखव तिला.

तिला हेही सांग की हे सगळं आपल्या काळ्या पत्थरामुळे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर साचत गेला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थिजला आणि बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. मग त्यांतून पाणी झिरपत राहिलं आणि पाण्यातल्या द्रव्यांचे स्फटिक आतून वाढत गेले. यातल्या बऱ्याच दगडांना झिओलाइट म्हणतात. स्वीडनच्या क्रॉनस्टेट नावाच्या खनिजशास्त्रज्ञाने असा दगड तापवला तर त्यातलं पाणी बाहेर पडून तो फसफसला. म्हणून १७५६ मध्ये त्याने ग्रीकमधले 'उकळणे' आणि 'दगड' हे शब्द जोडून नाव दिलं. अपोफिलाइट काटेकोरपणे त्या कुळातला नाही, पण राहतो त्यांच्याच घरात. बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हाही असे स्फटिक निघाले आणि त्यातले काही थेट लंडनच्या संग्रहालयात पोचले. आपण त्याच बोगद्यांतून कर्जतला जाताना खिडकीतून फक्त धबधबे बघायचो!

आठवतंय, दिवे गेले की आपण पांघरुणात शिरून दोन गारगोट्या एकमेकींवर घासायचो? तो पिवळसर उजेड आणि जळका वास. माझं वेड तिथूनच सुरू झालं, आणि त्याला तू साक्षीदार आहेस.

गेल्या महिन्यात वाघोलीला एका खाणीवर गेलो होतो. सुरुंग उडाला, धूळ बसायला बराच वेळ लागला. मग एक म्हातारे मामा पहार घेऊन ढिगाऱ्यात उतरले. जेसीबी यायच्या आत जेवढं बघता येईल तेवढं बघायचं, नंतर सगळं क्रशरमध्ये जातं. एका धोंड्याला त्यांनी कान लावल्यासारखं वाकून छिन्नी ठेवली, दोन हलके ठोके मारले, आणि खरबुजाच्या फोडीसारखा तुकडा सुटला. आत पांढऱ्या स्टिल्बाइटवर, म्हणजे एका झिओलाइटवर, हरभऱ्याएवढा एकच निळा गोळा होता. नंदू, तो निळा म्हणजे आईच्या निळीच्या पुडीतला निळा, नुकत्याच फोडलेल्या पुडीचा. जवळून पाहिलं तर गोळा नव्हताच, मधून बाहेर पसरलेल्या बारीक सुयांचा झुबका होता. हा कॅव्हनसाइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची अक्षरं जोडून ते नाव झालंय. आधी तो अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सापडला, पण संग्राहकांना माहीत असतो तो वाघोलीचा. मामांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवला. त्या दिवशी त्या ढिगाऱ्यातून एवढाच वाचला, बाकी सगळ्याची खडी झाली. तेव्हापासून मला कुठलाही नमुना क्रशरमधून सुटून आलेला वाटतो. त्याच्या गावाचं नाव तरी कोणी जपायला नको?

आता एक कडू अनुभव. तीन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी ४,००० रुपयांना असाच निळा गोळा घेतला. मागच्या पावसाळ्यात कपाट पुसताना तो गोळा टपकन सुटला. खाली पिवळट, चकचकीत कडा होती. डिंकाने चिकटवलेला! दगड खरा, निळा खरा, पण दोघांचं लग्न कोणीतरी दुकानात लावलेलं. पैशांपेक्षा त्या खोटेपणाचं मला फार लागलं, कारण तो नमुना मी कितीतरी पोरांना हातात देऊन 'असाच उगवतो' म्हणून सांगितलं होतं.

म्हणून दहापट मोठं दाखवणारं भिंग बरोबर ने. स्फटिक जिथे दगडाला टेकतो ती जागा बघ, तिथे ओघळ किंवा बुडबुडे दिसले की सोडून दे. जांभळट-निळ्या अतिनील (यूव्ही) टॉर्चखाली बरेचसे डिंक चमकतात. गुलाबी, गर्द जांभळे, कापसाच्या गोळ्यांसारखे दगड दिसले तर ते रंगवलेले ओकेनाइट. खरा ओकेनाइट पांढरा असतो, आणि ईराला बजाव, त्याला बोट लावायचं नाही. ते केस एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत. अपोफिलाइट ओळखायची युक्ती तिला आवडेल: वरची सपाट बाजू मोत्यासारखी चमकते, बाजूच्या भिंती काचेसारख्या. त्या सपाट दिशेने तो सहज फुटतो, त्यामुळे एका टोकाला धरून उचलायचा नाही. आणि तुमच्या ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात गाडीत तर मुळीच ठेवायचा नाही, या दगडांत पाणी असतं.

तब्येत सुधारते, भरभराट होते असं सांगून कोणी दाम वाढवू लागला तर पुढच्या टेबलावर जा. मोठ्या दगडाचा मोहही नको. ईराच्या मुठीत मावेल एवढा पुरे, पण कडा शाबूत हव्यात आणि गाव लिहिलेलं हवं. विकणाऱ्याला सरळ विचार, कुठल्या खाणीतला? ज्याला दगडाची माया आहे तो सांगताना थांबत नाही.

काकू पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येतायत, त्यांच्या बॅगेत एक डबी दिली आहे. कापसात पीच रंगाचा स्टिल्बाइट आहे, दोन्ही टोकांना पसरलेला, मध्ये बांधलेल्या पेंडीसारखा. डबीच्या झाकणाखाली माझी चिठ्ठी आहे: 'स्टिल्बाइट. वाघोली, ता. हवेली, जि. पुणे. डिसेंबर. खाणीतल्या मामांकडून.' ईराला म्हणावं, खालच्या ओळीत स्वतःचं नाव लिही आणि चिठ्ठी दगडापासून कधी वेगळी करू नकोस.

वहिनींना नमस्कार. टूसॉनहून आलास की काय घेतलंस ते कळव, फोटो चिठ्ठीसकट पाठव.

तुझा,
श्रीकांत