आमसुलांचा काही दोष नव्हता, आई

पुणे,
कोजागरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आणि आई विचारते जेवलीस का. म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा. आई, तू चष्मा शोधायला उठू नकोस, खुर्चीतच बस, आणि हात उशीवर ठेव.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकते. खळ्याच्या काँक्रीटवर लावलेल्या इपॉक्सीच्या चकचकीत कोटिंगबद्दल, ते लावणाऱ्याविरुद्ध, मी सोमवारी ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. त्याआधी त्याला पंधरा दिवसांची नोटीस पाठवली होती, तिला उत्तर आलं नाही. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर बाबा नको म्हणाले असते, आणि बाबांनी एकदा नको म्हटलेलं मला या वयातही मोडता येत नाही. म्हणून आधी केलं आणि मग सांगते आहे. रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

आणखी एक कबूल करायचं आहे. गौरीच्या दिवशी जेवायला आला होता तो "माझ्या ऑफिसातला मित्र" म्हणून मी सांगितलं होतं, पण तो माझ्या ऑफिसातला नाही, त्याचं ऑफिस वेगळं आहे. तो सिव्हिल इंजिनीअर आहे. मीच त्याला बोलावलं होतं. बाबा, तुम्ही त्याला आग्रहाने तिसरा मोदक वाढलात तेव्हा मला फार अपराधी वाटलं. तुम्ही दुपारी जरा आडवे झालात तेव्हा त्याने खळं मोजलं, फोटो काढले, आणि पडवीला लागून जिथे कोटिंग पूर्ण निघालं आहे आणि पाऊस लागत नाही, तिथे हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवला. दुसऱ्या दिवशी आई म्हणालीस ना, हे कोणी चिकटवलं गं, पोरांनी का? ते आम्ही. सकाळी सोडवून पाहिलं तर प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब लोंबत होते आणि खालचं सिमेंट काळपट ओलं झालं होतं. वरून एक थेंब पडला नव्हता. सगळं पाणी खालून आलेलं.

बाबा, हे तुम्हाला मी काय समजावणार? पाचवीत तुम्हीच आम्हाला खडूचं टोक शाईत बुडवून दाखवलं होतं, शाई आपोआप वर कशी चढते ते. आपलं खळं म्हणजे तोच खडू आहे. खाली जांभा, त्यावर मुरूम, त्यावर थेट काँक्रीट. काँक्रीट ओतताना खाली प्लास्टिक कोणी घातलं नव्हतं, तेव्हा घालतही नसत. चार महिने जमीन पाणी पिते आणि ते वर चढतं. पूर्वी ते उडून जायचं, कुणाला कळायचंही नाही. आता वरून झाकण बसलं. वाट अडली की तो दमटपणा कोटिंगला खालून ढकलतो आणि फोड येतात. गेल्या जूनमध्ये तुळशीच्या पलीकडे लिंबाएवढे फुगे आले होते ते हेच. चपलेने दाबलं की आतून पाणी यायचं, आठवतं?

दुसरं त्याने दाखवलं ते निघालेल्या पापुद्र्याची खालची बाजू. तिला पांढरट भुकटी चिकटून आली होती, बोटाला पिठासारखी लागत होती. काँक्रीट घोटताना पाण्याबरोबर सिमेंटची एक कच्ची साय वर येते. ती मशीनने घासून काढायची आणि खालच्या घट्ट भागावर कोटिंग धरवायचं, ही रीत आहे. आपल्याकडे मशीन आलंच नाही. ॲसिड ओतलं, नळीने धुतलं आणि दुसऱ्या सकाळी पहिला हात मारला. म्हणजे सायीवर रंग लावला, आणि तोही ओल्या सायीवर. ओल तपासायला एक प्लास्टिकचा तुकडा आणि एक रात्र पुरली असती. तेवढंही केलं नाही.

तिसरं म्हणजे रंग. उन्हातला भाग पिवळा पडला आणि मांडवाखालचा पुष्कळसा तसाच राहिला, यावर बाबांनी मला फोनवर विचारलं होतं. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, ती पिवळी पडते. उघड्यावर लावायचीच असेल तर वर उन्हाला टिकणारा वेगळा थर लागतो. तो आपल्या बिलात नाही आणि खळ्यातही नाही.

आता आई, हे तुझ्यासाठी. तो कोटिंगवाला गेल्या जुलैत आला, तांबडे डाग पाहिले आणि म्हणाला, काकूंनी कोकमं वाळत घातली म्हणून ॲसिडने कोटिंग खाल्लं. तू तेव्हा काही बोलली नाहीस. पण यंदाच्या वैशाखात तू आमसुलं निम्मी केलीस आणि तीही मागच्या पत्र्यावर वाळवलीस, शिडीवर चढून, हे मला वहिनीकडून कळलं. मी त्या रात्री झोपले नाही. कोकमाने डाग पडतो, आई. कोकमाने फोड येत नाहीत. फुगे तर तू जिथे कधी काही वाळवलं नाहीस तिथेही आहेत, विहिरीकडे, गाडी लावतात तिथे. इंजिनीअरने तसं लिहून दिलं आहे, फोटोसकट. तुझा काहीही दोष नव्हता. हे वाक्य बाबांनी दोनदा वाचावं.

दोष कुणाचा असेलच तर थोडा माझा आहे. ही कल्पना माझी होती. इथल्या सोसायटीच्या पार्किंगला केलेलं पाहिलं, चकचकीत, एका फडक्यात पुसलं जाणारं, आणि वाटलं आईची कंबर वाचेल. सारवण तर केव्हाच गेलं, पण झाडणं, शेवाळ खरवडणं, दर दिवाळीला घासणं चालूच होतं. मी पार्किंगला डोक्यावर छप्पर आहे हे पाहिलं नाही. तुम्ही दोघं म्हणत होता, आहे ते बरं आहे. मी हट्ट केला, पैसेही मीच पाठवले. 600 चौरस फूट, 90 रुपये दराने 54 हजार. आणि श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी तू तुळशीला पाणी घालायला जाताना त्याच्यावरून घसरलीस. दादाचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. "मनगट आहे फक्त," असं तो म्हणाला. फक्त! सहा आठवडे प्लास्टर. गणपतीत तू एका हाताने मोदकाला कळ्या पाडायला बसलीस, मी पारी हातातून काढून घेतली तर डोळ्यांत पाणी आणलंस. ते पाहिल्यावर मी ठरवलं.

बाबा, तुमच्या मनात काय चाललं असेल ते मला ठाऊक आहे. तो कोटिंगवाला तुमचा विद्यार्थी. त्याच्या वडिलांनी आपल्या घराचे चिरे डोक्यावरून वाहिले आहेत. उद्या स्टँडवर समोर आला तर काय बोलायचं, असं तुम्हाला वाटणार. मी या सगळ्याचा विचार केला आहे. म्हणून तक्रार माझ्या एकटीच्या नावावर आहे. पैसे माझ्या खात्यातून गेले, त्यामुळे कायद्याने ग्राहक मीच. 2019 च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणून ती पुण्यात केली. तुम्हाला कुठे उभं राहायला जायचं नाही. 5 लाखांपर्यंतच्या कामाला फीही पडत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरली. पहिले फुगे आल्याला सोळा महिने होत आले आणि मुदत दोन वर्षांचीच असते. आणखी एक पावसाळा "बघू" म्हणत गेला असता तर दारच बंद झालं असतं.

आणि मी त्याला वाऱ्यावर सोडलेलं नाही, बाबा, हे खरंच मनापासून सांगते. पहिल्यांदा चार वेळा गोडीने फोन केले. त्याने गेल्या ऑक्टोबरात येऊन फोडांवरच पुन्हा एक हात मारला, तेही मी मुकाट्याने मान्य केलं. तो दुसऱ्या पावसात निघाला. मग तो म्हणाला, वॉरंटी मालाची, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, माल चांगला, लावणाऱ्याला विचारा. या दोघांमध्ये तुमची फेऱ्या घालायची वेळ आली होती. भर उन्हात तुम्ही तालुक्याला त्याच्या दुकानात दोनदा जाऊन बसलात, तासभर, आणि मला सांगितलंत की सहज गेलो होतो. कुंपणाच्या वादातही तुम्ही असेच गप्प राहिलात. तेव्हा मी लहान होते, मला बोलता आलं नाही. आता बोलता येतं.

मागणीही अवास्तव नाही. कामाचे पैसे परत, कोटिंग घासून काढण्याचा खर्च आणि आईच्या दवाखान्याचं बिल. मानसिक त्रासाची रक्कम घालतात सगळे, मी घातली नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं. शिवाय दोघांची तयारी असेल तर आयोग मध्यस्थीला पाठवतो. तो एक पाऊल पुढे आला तर मी दोन येईन, हप्त्याने दिले तरी चालतील. त्याच्या पोराबाळांच्या तोंडचं काढायचं माझ्या मनात नाही. त्याने पुढच्या घरी तरी आधी ओल तपासावी.

आता मी सांगते तसं करायचं, दोघांनीही.

बाबा, तो घरी आला तर बसवा, चहा द्या, जुन्या गोष्टी काढा. पण कागदावर सही करायची नाही, कुठल्याही. तुमच्या पेन्शनमधून "मिटवून टाकतो" म्हणून कुणाला काही द्यायचं नाही, दादालाही तसं सांगून ठेवलं आहे. बिल, त्याच्या हाताने लिहिलेला अंदाजपत्रकाचा कागद आणि पापुद्र्याचे तुकडे मी बिस्किटांच्या डब्यात घालून देवघराच्या वरच्या फळीवर ठेवले आहेत. तो डबा चकल्यांसाठी रिकामा करू नका. खळं अजून खरवडू नका, आयोगाने कुणाला पाहायला पाठवलं तर जसं आहे तसं दिसायला हवं.

म्हणजे तोवर आईने घसरत राहायचं का, तर अजिबात नाही. रविवारी गडी येईल, पैसे दिलेले आहेत, पुन्हा देऊ नका. पडवीच्या पायरीपासून तुळशीपर्यंत दोन हात रुंद जांभ्याचे चिरे वाळूवर सपाट बसवून देईल, कडा वर राहणार नाहीत असं त्याला बजावलं आहे. कोटिंगला हात लावायचा नाही, चिरा वरूनच. चिऱ्यावर पाय सरकत नाही. तेवढ्याच वाटेने जायचं. विहिरीकडे बाबांनीच जायचं, तेही उजाडल्यावर आणि नव्या रबरी चपला घालून. त्या पाहुण्यांसाठी ठेवायच्या नाहीत. तुळशीजवळ दिवा लावून ठेवला आहे, बटण पडवीत डाव्या हाताला, रात्रभर जळला तरी बिलाची काळजी करू नका.

आई, चेंडू दाबायचा व्यायाम दिवसातून तीनदा. कळ येते म्हणून सोडायचा नाही, थोडा शेक घे आणि मग कर. कॅल्शियमची गोळी जेवणानंतर. दिवाळीनंतर तुला रत्नागिरीला नेऊन हाडांची घनता तपासायची, वेळ घेतली आहे. नारळ सोलायला बसलीस तर मला कळेल, वहिनी सांगते.

काल रात्री दूध आटवताना मला मे महिन्यातलं खळं आठवलं. संध्याकाळी पाणी शिंपडलं की मातीचा वास यायचा, मग चटया पडायच्या, आणि बाबा उशाशी टॉर्च ठेवून सप्तर्षी दाखवायचे. मी दर वेळी सहाच मोजायचे, सातवा दिसायच्या आधी झोपायचे. आणि आई, तुझं सारवण. अर्धवर्तुळाकार बोटं उठायची, एकात एक अडकलेली, पार उंबऱ्यापर्यंत. मी ओल्यावर पाय दिला की तू ओरडायचीस, आणि मग माझ्या पावलाभोवतीच पुन्हा बोटं फिरवून ते पाऊल तसंच ठेवायचीस. सुकल्यावर मी त्यात पाय ठेवून बघायचे. एकदा भात झोडायच्या दिवसांत मी ताप अंगावर काढून गवताच्या उडवीत झोपले होते, तेव्हा तू मला तशीच उचलून... असो, रडू येतं.

हे प्रकरण संपलं की कोटिंग पूर्ण घासून काढायचं आणि काँक्रीट तसंच मोकळं, खरबरीत ठेवायचं, मी इंजिनीअरशी बोलले आहे. तुळशीभोवतीचं काँक्रीट मात्र दोन हात फोडून घ्यायचं आणि तिथे माती आणायची. शेण गोठ्याकडच्या काकूंना सांगून ठेव. सारवीन मी. तू खुर्ची टाकून बस आणि बोटं कुठे चुकतात ते सांग.

वसुबारसेला सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर घ्यायला येऊ नका बाबा, रिक्षा करून येईन. राग आला असेल तर तो तोवर ठेवा, समोर बसून बोला. आमसुलं उरली असतील तर एक पुडी बाजूला काढ, आई.

तुमची,
बाबी