ईराची शाळा

चि. समीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ईराला नववीला सेंट्रल हायस्कूलला घालायचं की शहराच्या पश्चिमेकडच्या त्या खासगी शाळेत, असं तू विचारलंस. सगळी हयात शाळेत घालवलेल्या आईला मुलगा असं विचारतो, तेव्हा त्याला सल्ला नको असतो, होकार हवा असतो, एवढं मला कळतं. होकार देणारच नाही असं नाही. पण आधी हे पत्र पुरतं वाच, आणि अश्विनीलाही वाचायला दे.

लिटल रॉकला तुमच्याकडे आले होते तेव्हा सेंट्रलसमोरच्या संग्रहालयात मी रेंगाळले आणि तुम्ही दोघं कंटाळून गाडीत जाऊन बसलात. परत आल्यावरही गोऱ्यांच्या त्या शाळेत १९५७ साली नऊ कृष्णवर्णीय मुलं कशी गेली, याबद्दल मिळेल ते मी वाचत राहिले. तुझे बाबा म्हणायचे, साताऱ्यात बसून अमेरिकेतल्या अर्कान्सासची काळजी कशाला? आता नातच तिथे शिकणार म्हटल्यावर त्यांचा आवाज बंद झालाय.

इमारत तू रोज जाता-येता पाहतोस. १९२७ साली ती १५ लाख डॉलर खर्चून बांधली आणि तिथल्या वास्तुविशारदांच्या संस्थेनं तिला देशातलं सर्वांत सुंदर हायस्कूल ठरवलं. दोनच वर्षांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी डनबर हायस्कूल उभं राहिलं, ते ४ लाखांत, आणि त्यातलाही काही पैसा देणगीचा. सेंट्रलच्या दर्शनी दरवाजावर चार पुतळे आहेत: महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि तयारी. त्या ‘संधी’खालून तीस वर्षं एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी आत गेला नाही, आणि त्यात कुणाला काही विपरीत वाटलं नाही.

१७ मे १९५४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की सरकारी शाळांत वर्णावरून मुलं वेगळी बसवणं घटनेच्या विरुद्ध आहे. पुढच्या वर्षी अंमलबजावणीचा आदेश आला, पण त्यात तारीख नव्हती. तारीख नसलेला आदेश शिक्षण खात्यात कसा मुरतो हे मला तुला सांगायला नको. लिटल रॉकचे शाळा अधीक्षक व्हर्जिल ब्लॉसम यांनी हप्त्याहप्त्यानं जाणारी योजना आखली. सुरुवात १९५७ च्या सप्टेंबरला, एकाच शाळेपासून, अगदी थोड्या मुलांनी. आणि त्याच १९५७ साली शहराच्या पश्चिमेला, सुखवस्तू वस्तीत, हॉल हायस्कूल नावाची नवीकोरी शाळा सुरू झाली. ती सगळी गोऱ्यांची. म्हणजे वकील-डॉक्टरांची मुलं पश्चिमेला गेली, आणि एकत्र बसण्याचा प्रयोग करायचा तो गवंडी-कामगारांच्या गोऱ्या मुलांनी आणि कृष्णवर्णीय मुलांनी. सेंट्रलबाहेर जमलेल्या जमावाचा राग मी मुळीच समर्थनीय मानत नाही. पण तो राग तापवत ठेवायला ही वाटणी गव्हर्नरच्या फार उपयोगी पडली असणार. तुझी खासगी शाळाही पश्चिमेलाच आहे, म्हणून एवढं लांबण लावलं.

सेंट्रलसाठी चाळण्या लावत लावत शेवटी नऊ कृष्णवर्णीय मुलं उरली. त्यांना आधीच बजावलेलं होतं की खेळ नाही, गाणं नाही, मंडळं नाहीत. वर्गात बसायचं आणि घरी जायचं. गव्हर्नर ऑर्व्हल फोबस यांनी शांतता राखण्याच्या नावाखाली नॅशनल गार्ड्‌स, म्हणजे राज्याचे राखीव सैनिक, शाळेभोवती उभे केले. ४ सप्टेंबरला सगळ्यांनी एकत्र जायचं, असा निरोप कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या डेझी बेट्स यांनी घरोघर फोननं दिला. एलिझाबेथ एकफर्डच्या घरी फोन नव्हता. पंधरा वर्षांची ती मुलगी पहिल्या दिवसासाठी स्वतः शिवलेला काळा-पांढरा फ्रॉक घालून एकटी निघाली. गार्ड्‌सनी बंदुका आडव्या धरल्या, मागून जमाव अंगावर येऊ लागला, आणि ती चालत बस थांब्याच्या बाकापर्यंत गेली. तो फोटो तू पाहिलाच आहेस. न्यूयॉर्क टाइम्सचा एक वार्ताहर तिच्या शेजारी जाऊन बसला आणि त्यांना तुझे अश्रू दिसू देऊ नकोस म्हणाला. ग्रेस लॉर्च नावाच्या एका गोऱ्या बाईंनी तिला बसमध्ये बसवून दिलं. फोटोत मागे तोंड वेंगाडून ओरडणारी मुलगी हेझल ब्रायन. तिनं पुढे माफी मागितली, चाळीस वर्षांनी दोघींची मैत्री झाली आणि मग ती मोडलीही. मला ती मोडली हे जास्त खरं वाटतं.

त्यानंतरचं सगळ्यांना पाठ आहे. गार्ड्‌स हटल्यावर २३ तारखेला मुलांना बाजूच्या दारानं आत नेलं, बाहेर हजारभर लोक जमले, दुपारच्या आत मुलांना बाहेर काढावं लागलं. मग राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे हजारावर सैनिक धाडले, आणि २५ सप्टेंबरला नऊ मुलं संगिनींच्या पहाऱ्यात समोरच्या पायऱ्या चढून गेली.

गोष्ट इथे संपते असं पाठ्यपुस्तकाला वाटतं. मास्तरणीला विचारशील तर ती इथे सुरू होते. कारण सैनिक वर्गात येऊ शकत नव्हते, मुलींच्या स्वच्छतागृहात येऊ शकत नव्हते, आणि नोव्हेंबर संपेपर्यंत एअरबोर्नचे सगळे परतही गेले. मागे उरले राज्याचेच गार्ड्‌स, आता केंद्राच्या हुकमाखाली. जवळपास दोन हजार गोऱ्या मुलांत नऊ जण. जिन्यावर धक्का, अंगावर थुंकणं, लॉकर फोडून वह्या गायब. सगळी गोरी मुलं असं करत नव्हती. एक टोळकं करत होतं आणि बाकीची बघत नव्हती. वर्गात ही दुसरी जमात जास्त असते आणि तिच्याबद्दल तक्रार नोंदवता येत नाही.

नऊ जणांतल्या मिनिजीन ब्राउननं डिसेंबरात, जेवणाच्या खोलीत वाट अडवणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हातातला मसालेदार घेवड्याचा बोल ओतला. खोली गप्प झाली, आणि मग स्वयंपाकघरातले कृष्णवर्णीय कामगार टाळ्या वाजवू लागले. मिनिजीन निलंबित झाली, फेब्रुवारीत दुसऱ्या एका प्रकरणावरून कायमची काढली गेली. ‘एक गेली, आठ राहिले’ अशी कार्डं छापून शाळेत फिरली. तिला न्यूयॉर्कला आपल्या घरी ठेवून घेतलं ते केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्यानं. हे दोघे मानसशास्त्रज्ञ. गोऱ्या-काळ्या बाहुल्या दाखवून लहान कृष्णवर्णीय मुलांच्या मनातला न्यूनगंड त्यांनी नोंदवला होता, आणि १९५४ च्या निकालात केनेथ क्लार्क यांच्या कामाचा हवाला आहे. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. निबंध लिहून थांबणारे पुष्कळ भेटतात.

आणि आईबाप. कुणाच्या आईची सरकारी नोकरी गेली, कुणाच्या वडिलांना काम मिळेना. कार्लोटा वॉल्स नऊ जणांत सर्वांत लहान, चौदा वर्षांची. तिनं घरी न विचारताच सेंट्रलसाठी नाव दिलं होतं. शाळेचं कार्ड टपालानं आलं तेव्हा आईवडिलांना समजलं. १९६० च्या फेब्रुवारीत त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. त्या वर्षी ती तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडली. नववीतल्या मुलीचं मत दोन वाक्यांत उडवून लावलंस असं फोनवर ऐकू आलं, म्हणून हे सांगते. ईरा मागे काहीतरी बोलत होती, तू तिला बोलू दिलं नाहीस.

मे १९५८ मध्ये नऊ जणांतला अर्नेस्ट ग्रीन सहाशेच्या आसपास मुलांबरोबर पदवी घ्यायला उभा राहिला. त्याचं नाव पुकारल्यावर टाळी पडली नाही. प्रेक्षकांत त्याच्या घरच्यांबरोबर मार्टिन ल्यूथर किंग बसलेले होते.

यानंतर जे झालं ते मला सगळ्यांत जास्त छळतं, आणि त्याबद्दल तिथेही लोक कमी बोलतात. १९५८ च्या सप्टेंबरात फोबसनी शहरातली चारही हायस्कूलं बंद केली. एकत्र बसवायचं नसेल तर कुणीच शिकायचं नाही! मतदान घेतलं: एकत्रीकरणाविरुद्ध १९,४७०, बाजूनं ७,५६१. साडेतीन हजारांवर मुलांचं वर्ष गेलं. पण सगळ्यांचं सारखं नाही गेलं. गोऱ्या मुलांपैकी बहुतेकांची कुठेतरी सोय लागली. नातेवाइकांकडे, शेजारच्या गावात, आणि खास त्यांच्यासाठी घाईघाईनं काढलेल्या टी. जे. रेनी नावाच्या खासगी शाळेत. कृष्णवर्णीय मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना वर्षभर कुठलीच शाळा मिळाली नाही. फुटबॉलचे सामने तेवढे चालू राहिले. शाळा बंद, पण शाळेचा संघ मैदानात! आपल्याकडचे पुढारी यावरून काही शिकले नाहीत म्हणजे नवलच.

शिक्षकांचा करार होता, म्हणून त्यांना रोज हजर राहावं लागे. सकाळी येऊन सही, रिकाम्या वर्गात बसायचं, घंटा झाली की घरी. फळ्याकडे तोंड करून बसलेल्या त्या बायका माझ्या मनातून जात नाहीत. सुट्टीत वर्ग रिकामा असला की मला बरं वाटायचं, वर्षभर तसं? १९५९ च्या मे महिन्यात शाळा मंडळातल्या तीन कट्टर सभासदांनी बाकीचे तिघे उठून गेल्यावर एका बैठकीत ४४ जणांना काढून टाकलं. त्यांत शिक्षक होते, मुख्याध्यापक होते, कारकूनही होते. आणि तिथे गाव हललं. नऊ मुलांसाठी न हललेले लोक मुलांच्या मास्तरांसाठी हलले. वीस दिवसांत मतदान होऊन ते तिघे गेले. शाळा उघडाव्यात म्हणून खपणाऱ्या बायकांची समिती आधीपासूनच होती; पंचाहत्तरीतल्या अ‍ॅडॉल्फीन टेरी यांच्या घरात ती सुरू झाली. मतदारयाद्या घेऊन घरोघर फोन करणाऱ्या या बायकांचा मला आदर आहे. तरी हेही लक्षात ठेव की त्या समितीत फक्त गोऱ्या बायका होत्या. लोक बिचकतील म्हणून कृष्णवर्णीय बायकांना घेतलं नाही. १२ ऑगस्ट १९५९ ला शाळा उघडल्या.

तू म्हणशील, आई, हे सगळं जुनं झालं. बरं, मग आपल्या गावचं घे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर असं नाव लागलं. आता ते प्रतापसिंह हायस्कूल. नाव लागलं खरं, पण त्या काळात बाबासाहेबांना बसायला कोपऱ्यात वेगळं गोणपाट असे. ते सकाळी घरून न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं, कारण शाळेचा गडी त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपाई वरून ओतेल तेव्हाच पाणी. आपल्या घरातलं कुणी त्या गोणपाटावर बसलेलं नाही. तुझे पणजोबा त्याच गावात बाकावर बसून शिकले आणि त्यांनी आयुष्यात याबद्दल एक अक्षर काढल्याचं मी ऐकलं नाही.

आता तुझा मुद्दा. सेंट्रल आज चांगली चालणारी शाळा आहे, आणि राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाच्या हद्दीत असूनही रोज भरते. कृष्णवर्णीय मुलं आता तिथे बहुसंख्य आहेत. पण ५० वर्षं झाली तेव्हा, २००७ साली, तिथून हेच पुढे आलं होतं की वरच्या दर्जाच्या वर्गांत बहुतेक गोरी मुलं आणि साध्या वर्गांत बहुतेक कृष्णवर्णीय. इमारत एक, दार एक, आणि आत पुन्हा दोन शाळा. ईराचं गणित चांगलं आहे, म्हणजे ती कुठल्या वर्गात जाईल हे मी इथून सांगू शकते. तेव्हा सेंट्रलला घातलं की आपण इतिहासाच्या योग्य बाजूला उभे राहिलो असं काही होणार नाही. तसा आव आणू नका.

तरीही माझं मत सेंट्रलच्याच बाजूनं आहे. खासगी शाळा वाईट आहे म्हणून नाही. मी ती पाहिलेलीही नाही. पण ऐपत असलेल्यांना पश्चिमेची वाट नेहमीच मोकळी असते: १९५७ ला हॉल होतं, १९५८ ला रेनी होतं. तुझी ऐपत आहे, म्हणून तुझ्यापुढे प्रश्न तरी आहे. शाळेजवळच्या गल्लीत राहणाऱ्या माणसापुढे तोही नाही. ईरा अशा मुलांच्या शेजारी बसून चार वर्षं शिकली तर तिचं गणित बिघडणार नाही, याची हमी मी देते.

शाळा बघायला जाल तेव्हा पालकांसाठी सजवलेल्या दिवशी जाऊ नका. परवानगी मिळाली तर जेवणाच्या सुट्टीत जा आणि कोण कोणाबरोबर बसतं ते बघा. समुपदेशकांना विचार की वरच्या वर्गात जायला काय लागतं, आणि ते कृष्णवर्णीय मुलांच्या आईवडिलांना आपणहून कोण सांगतं. आणि हे सगळं करायच्या आधी ईराला विचार. या वेळी तिचं बोलणं पूर्ण होऊ दे. रविवारी फोन लागला की मला तिच्याशी बोलायचं आहे, तुझ्याशी नंतर.

फॉर्म भरण्याची शेवटची तारीख कळव. अश्विनीला म्हणावं, माझं ऐकलंच पाहिजे असं नाही, पण नाही म्हणायचं असेल तर शाळेचं ‘रेटिंग’ सोडून दुसरं कारण दे.

तुझी,
आई