नवं यंत्र नको, आहेत ती चालती ठेवायला हातभार लावा

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील सामाईक उपकरण केंद्रातर्फे माजी विद्यार्थी, उद्योजक आणि विज्ञानाविषयी आस्था असणाऱ्या सर्वांना आवाहन.

केंद्रातली यंत्रं एकट्या भौतिकशास्त्राची नाहीत. एक्सआरडीवर, म्हणजे क्ष-किरणांनी पदार्थाची स्फटिकरचना ओळखणाऱ्या यंत्रावर, भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी खडकाची पूड घेऊन येतात. औषधनिर्माणशास्त्राचे संशोधक गोळीतलं औषध कोणत्या स्फटिकरूपात आहे ते तपासतात. त्यामुळे यंत्र बंद पडलं की एकाच वेळी चार विभागांचे प्रबंध अडतात.

यंत्र विकत घ्यायला अनुदान मिळतं, उद्घाटन होतं, पाटी लागते. पंपाच्या तेलासाठी मात्र कोणी पाटी लावत नाही. एक्सआरडीच्या नळीत जाणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम 1 टक्का क्ष-किरणांत उतरते, बाकीची जवळजवळ सगळी उष्णता होते. ती वाहून न्यायला चिलरचं पाणी सतत फिरावं लागतं. पाण्याचा फिल्टर तुंबला, प्रवाह मंदावला की सुरक्षा-स्विच यंत्रच बंद करतो. म्हणजे एवढ्या मोठ्या यंत्राचं घोडं अडतं ते एका फिल्टरपाशी! इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचीही तीच गत: टंगस्टनची फिलामेंट शंभरेक तासांत उडते, आणि सुटी फिलामेंट कपाटात नसेल तर खरेदीची फाइल फिरून येईपर्यंत थांबायचं.

तरीही आवाहनाचं मुख्य कारण हेलियम हेच आहे. पदार्थांचं चुंबकत्व आणि विद्युतरोध अतिशीत तापमानाला मोजण्यासाठी आम्ही द्रव हेलियम वापरतो. 1908 साली कामरलिंग ओनेस यांनी लायडनमध्ये तो पहिल्यांदा द्रवरूप केला आणि 1911 साली त्याच थंडीत पाऱ्याची अतिसंवाहकता, म्हणजे विद्युतरोध पार नाहीसा होणं, सापडली. हेलियम 4.2 केल्विनला, म्हणजे उणे 269 अंश सेल्सियसला उकळतो. 1 लिटर द्रवाचा खोलीच्या तापमानाला सुमारे 750 लिटर वायू होतो, आणि आमच्याकडे तो सगळा आज छतावरच्या नळीतून बाहेर जातो. हवेतून तो परत मिळवणं परवडत नाही. तिथे त्याचं प्रमाण दहा लाखांत 5 भागांच्या आसपास. पृथ्वीच्या पोटात युरेनियम-थोरियमच्या ऱ्हासातून कोट्यवधी वर्षांत साठलेला हा वायू नैसर्गिक वायूबरोबर वर काढावा लागतो. आपण तो एका मोजमापात उडवून टाकतो, हे आम्हालाच बघवत नाही.

द्रवीकरण संयंत्र आम्ही मागत नाही. पहिला टप्पा साधा आहे: क्रायोस्टॅटपासून (नमुना द्रव हेलियमने थंड ठेवणाऱ्या पात्रापासून) निघणारी बंद नळी, वायू साठवायला मोठी पिशवी, तो सिलिंडरमध्ये दाबून भरणारा कॉम्प्रेसर आणि शुद्धता सांगणारा मापक. नळीत हवा शिरली तर सगळा खटाटोप वाया, म्हणून जोडणीचं काम जाणकारांकडूनच करून घ्यायचं आहे. भरलेले सिलिंडर शुद्धीकरण व द्रवीकरणासाठी बाहेर पाठवता येतील.

देणगी विद्यापीठाच्या वित्त विभागामार्फतच द्यावी. ‘उपकरण देखभाल’ की ‘हेलियम पुनर्प्राप्ती’ हे सोबत लिहावं, म्हणजे रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली जाणार नाही. पावती मिळेल. कोणतं यंत्र किती तास चाललं आणि कशामुळे बंद होतं, त्याचं लॉगबुक देणगीदारांना केंद्रात कधीही पाहता येईल.

पैशांइतकीच गरज हातांची आहे. पंपाच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे ओळखणारे, निर्वात जोडणीतली गळती शोधून काढणारे, काचकाम करणारे तंत्रज्ञ निवृत्त झाले की त्यांच्याबरोबर ती विद्याही जाते. अशा कोणी आठवड्यातली एखादी दुपार दिली तर विद्यार्थ्यांना यंत्र उघडायला शिकवता येईल. आज ते फक्त बटण दाबायला शिकतात.

कारखान्यातले जुने रोटरी पंप, व्हॉल्व्ह, प्रेशर गेज चालतील. पाठवण्याआधी पंपातलं तेल काढून घ्यावं आणि त्यातून पूर्वी कोणते वायू ओढले ते कळवावं. विषारी वायूंसाठी वापरलेला पंप आम्ही घेऊ शकत नाही. जुने संगणक कृपया देऊ नयेत, ते ठेवायला जागा नाही. अपवाद एकच: आयएसए स्लॉट (जुन्या संगणकांत कार्ड बसवायची खाच) असलेला चालू मदरबोर्ड कोणाकडे पडून असेल तर जरूर कळवा, आमच्या एका यंत्राचं नियंत्रण-कार्ड दुसऱ्या कशातच बसत नाही.