प्रबंध ग्रंथालयात पोहोचतो, वस्तीत का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक आरोग्य आणि आरोग्य-समता या विषयांतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांची माहिती देणारा लेख आपल्या शैक्षणिक पुरवणीत वाचला. प्रवेशाची पात्रता, शिष्यवृत्त्या आणि पदवीनंतर मिळणाऱ्या नोकऱ्या यांविषयी लेखात नेमके लिहिले आहे. मात्र या पदवीचा जो भाग विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातून घडतो, त्या प्रबंधाची बोळवण एका ओळीत झाली आहे. संशोधनपद्धती हा विषय मी अनेक वर्षे शिकवला आणि असे प्रबंध तपासले, म्हणून त्या एका ओळीविषयी थोडे सविस्तर लिहिते.

या अभ्यासक्रमात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. केवळ सरासरीवर विसंबू नये, हा त्यातला पहिला धडा. देशाचे सरासरी आयुर्मान वाढत असताना त्याच देशातील दोन गटांमधले अंतरही वाढत असू शकते आणि सरासरीच्या आकड्यात त्याचा मागमूस दिसत नाही. मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या आयोगाने 2008 च्या अहवालात ग्लासगोचे उदाहरण दिले आहे. तेथील कॅल्टन भागात जन्मलेल्या मुलाचे अपेक्षित आयुर्मान काही किलोमीटरवरच्या लेन्झीतील मुलापेक्षा 28 वर्षांनी कमी होते. हे उदाहरण मी पहिल्याच तासाला देत असे, कारण ‘जागतिक’ म्हणजे दूरच्या गरीब देशांतले, ही समजूत विद्यार्थी घरूनच घेऊन आलेले असतात. लंडनमधील सरकारी नोकरांच्या आरोग्याचा 1967 मध्ये सुरू झालेला व्हाइटहॉल अभ्यास त्याहून बोलका आहे. त्यातले पुरुष कार्यालयात काम करणारे होते, त्यांना नियमित पगार होता आणि मोफत आरोग्यसेवा उपलब्ध होती. तरीही हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीत सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक निघाले आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे नेहमीच्या कारणांनी त्या फरकाचा काही भागच उलगडला. वेल्समधील खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 मध्ये मांडलेला ‘व्यस्त सेवेचा (म्हणजे उलट्या प्रमाणात मिळणाऱ्या सेवेचा) नियम’ही विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो: जेथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज अधिक, तेथे ती मिळण्याची शक्यता कमी.

माझी तक्रार यापुढची आहे. वर्गात सेवेच्या बाबतीत शिकवला जाणारा हाच नियम ज्ञानाच्या बाबतीतही लागू पडतो. ज्या वस्तीच्या आजारपणावर प्रबंध लिहिला जातो, तिला त्या प्रबंधातील एक शब्दही कळण्याची शक्यता सर्वांत कमी असते.

हे आजचे नाही. लिव्हरपूल आणि लंडन येथील उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या शाळा अनुक्रमे 1898 आणि 1899 मध्ये स्थापन झाल्या, तेव्हा वसाहतींत जाणारे अधिकारी आणि व्यापारी जगावेत, ही त्यांच्यामागची मोठी निकड होती. पुढे या विद्याशाखेचे नाव ‘आंतरराष्ट्रीय आरोग्य’ झाले, नंतर ‘जागतिक आरोग्य’ झाले. उद्दिष्टे खरोखरच बदलली, त्याबद्दल वाद नाही. पण नमुने आणि आकडे एका दिशेने जावेत आणि लेख व पदव्या दुसऱ्या टोकाला तयार व्हाव्यात, हा प्रघात बराचसा तसाच राहिला. वास्तविक या क्षेत्रातले काही सर्वांत मोलाचे ज्ञान विद्यापीठाच्या भिंतींबाहेर, गर्दीत आणि चिखलात जन्मले आहे. 1971 च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ उसळली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पिंपांतल्या पाण्यात कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती सोपवले. त्यांच्या देखरेखीखाली मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आले. या उपचारात आजाऱ्याची आई किंवा भाऊ हाच परिचारक होता, आणि सामान्य माणसाच्या हाती एवढी जबाबदारी देता येते का, ही तज्ज्ञांची शंका त्या छावणीने मोडीत काढली.

आता एक प्रसंग सांगते. एका विद्यार्थिनीच्या क्षेत्रकार्याच्या वेळी मी तिच्याबरोबर डोंगरउतारावरच्या एका वस्तीत होते. छापील प्रश्नावलीत प्रश्न होता: ‘आरोग्य केंद्रात पोहोचायला किती मिनिटे लागतात?’ समोरच्या बाईने उलट विचारले, “जाताना की येताना? जाताना उतार आहे. येताना चढ आहे आणि पोर कडेवर असतं. शिवाय दिवसा विचारताय की रात्री?” प्रश्नावलीत चौकोन एकच होता. विद्यार्थिनीने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि त्यात 45 लिहिले. त्या बाईने दिलेले उत्तर हाच खरे तर एका चांगल्या प्रबंधाचा विषय होता. पण प्रश्नावली मंजूर झालेली होती, संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची परवानगी त्याच मसुद्यावर होती आणि परतीचे तिकीट ठरलेले होते.

प्रबंधाला उत्तम गुण मिळाले. काही वर्षांनी मी पुन्हा त्या वस्तीत गेले. दारोदार आमच्याबरोबर फिरलेल्या, आमचे प्रश्न लोकांच्या बोलीत समजावून सांगितलेल्या आणि एका घरातून आम्हाला हाकलले जात असताना मध्ये पडलेल्या आरोग्यसेविकेने मला विचारले, “त्या कागदांचं पुढे काय झालं?” तिचे नाव प्रबंधाच्या आभारातही नव्हते. संस्थेचे नाव मी घेत नाही, कारण निष्कर्ष वस्तीला न कळवण्याच्या त्या हलगर्जीपणात मार्गदर्शक म्हणून माझाही वाटा होता.

यावर माझे म्हणणे साधे आहे. लोकांकडून माहिती गोळा करून लिहिलेल्या प्रबंधाचे निष्कर्ष त्या लोकांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचवणे ही पदवीची अट असावी आणि त्याला गुण असावेत. दोन पानांचा मजकूर किंवा वस्तीतली एक बैठक, एवढे पुरे. मात्र ती कोणी, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने घ्यायची, हे प्रस्तावातच लिहिलेले असावे. नैतिक समितीने संमतीपत्राची जशी काटेकोर छाननी करावी, तशीच या नोंदीचीही करावी, आणि परीक्षकाने तोंडी परीक्षेत त्याबद्दल विचारावे. गुण नसलेली अट विद्यार्थी पाळत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते. आणि तसे वागणे त्यांच्या दृष्टीने अगदी शहाणपणाचे असते.

ही मागणी काही नवलाची नाही. संशोधकांच्या वर्दळीला कंटाळलेल्या दक्षिण आफ्रिकेतील सान या आदिवासी समाजाने 2017 मध्ये स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी ही तिच्यातली सूत्रे आहेत, आणि संशोधकांनी दिलेली आश्वासने पाळावीत व समाजाशी संपर्क ठेवावा, अशी अपेक्षा तिच्यात स्पष्ट शब्दांत आहे. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या लेख लिहिले गेले, त्यांनीच लेख लिहिणाऱ्यांसाठी नियम लिहावेत, याहून चांगले पाठ्यपुस्तक मला तरी ठाऊक नाही.

आक्षेप येतील. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात प्रबंधाला जेमतेम काही महिने मिळतात, हा पहिला. आणि तो खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रश्नावलीतले प्रश्न कमी करावेत; मी तपासलेल्या अनेक प्रबंधांत गोळा केलेल्या माहितीचा मोठा भाग विश्लेषणात आलाच नव्हता. विद्यार्थ्याचे निष्कर्ष कच्चे असतात, ते लोकांसमोर कशाला मांडायचे, हा दुसरा. कच्चे असतील तर ते कच्चे आहेत हे सर्वांत आधी त्या वस्तीलाच कळेल. उतार आणि चढ यांतला फरक आम्हाला तिनेच सांगितला होता. तिसरा आक्षेप मात्र मी गांभीर्याने घेते. क्षयरोग, एचआयव्ही किंवा घरातील मारहाण यांविषयीचे निष्कर्ष लहान वस्तीत मांडले, तर नाव न घेताही माणसे ओळखली जातात आणि त्यांना त्रास होतो. अशा वेळी काय सांगावे, कोणाला सांगावे आणि काय झाकून ठेवावे, हे ठरवणे अवघड असते, आणि ते शिकवण्याची जागा पदव्युत्तर वर्गच आहे. आज तो तास कोणत्या वेळापत्रकात आहे?

क्षेत्रात न जाता तयार आकडेवारीवर प्रबंध लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न टळत नाही. 1984 पासून अमेरिकी सरकारच्या निधीवर अनेक देशांत चाललेल्या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांच्या आधारे या विषयातले असंख्य प्रबंध उभे राहिले. 2025 च्या सुरुवातीला तो निधी थांबला आणि सर्वेक्षणांचे काम अडले, तेव्हा मोजमापाची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे विद्यार्थ्यांना व्याख्यानाशिवायच समजले असेल. गरीब आणि श्रीमंत कुटुंबांमधील बालमृत्यूंचे अंतर मोजायचे, तर आधी ती कुटुंबे कोणीतरी मोजावी लागतात.

आपल्या पुरवणीत अशा अभ्यासक्रमांची माहिती पुन्हा छापली जाईल, तेव्हा शुल्क, कालावधी आणि प्रवेशपरीक्षा यांच्या तक्त्यात आणखी एक रकाना घालावा, अशी विनंती आहे: ‘प्रबंधाचे निष्कर्ष सहभागी लोकांना कळवणे अनिवार्य आहे काय?’ संस्थांना पत्र पाठवून उत्तर मागवावे, आणि उत्तर आले नाही तर तो रकाना कोराच छापावा.

आपली,
संशोधनपद्धतीची एक निवृत्त अध्यापिका