लडाखला नेण्यासाठी चाकू कोणता? मित्रास पत्र

कोल्हापूर,
रविवार

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझी पलटण लडाखला निघाल्याचं कळल्यापासून आमच्या घरी एकच चौकशी चालू आहे, पोराला गरम कपडे पुरेसे मिळाले का म्हणून. कपडे सरकार देईल. चाकूचं मात्र तू मला विचारलंस, तेव्हा सविस्तर लिहितो.

तू पसंत केलेल्या तिन्ही चाकूंचे फोटो नीट बघितले. तिन्ही सोड. तिघांचीही पाती सात इंचांच्या वर आहेत, आणि तू ते दुकानात उघड्या हाताने धरून पसंत केलेस. तिथे थंडीत तुझ्या हातात हातमोज्यांचे दोन थर असणार आणि आतली बोटं बधिर झालेली असणार. म्हणून चाकूची पहिली परीक्षा मोजे घालूनच घे. तो म्यानातून सहज निघतो का? मुठीत फिरत नाही ना? न बघता परत म्यानात जातो का? यात जो बसेल त्याचंच पोलाद आणि किंमत बघायची.

तिथे कापायचं काय असतं ते डोळ्यासमोर आण. तंबूच्या दोऱ्या, पॅराकॉर्ड म्हणजे पॅराशूटची बारीक नायलॉन दोरी, सामान आवळलेले नायलॉनचे पट्टे, ताडपत्री, पुठ्ठ्याची खोकी, रेशनची पाकिटं, केबल टाय, वायरवरचं प्लॅस्टिक, कांदे-बटाटे. लढायला रायफल आहे, तिला संगीन आहे. दुधारी खंजीर यातल्या कुठल्याच कामाला सोयीचा नाही, कारण त्याच्या पाठीवर अंगठा ठेवून दाब देता येत नाही. अमेरिकी मरीन सैनिकांचा का-बार १९४२ पासून गाजतोय, पण त्याचं पातं सात इंची. असल्या पात्याने वायर सोलायची किंवा खोक्याची पट्टी कापायची तर टोक कुठे जातंय यावर ताबा राहत नाही. खुकरी लाकूडतोडीला उत्तम, पण तू जातोयस तिथे तोडायला झाडं कुठली? पुढेमागे अरुणाचल किंवा नागालँडला बदली झाली तर बांबूसाठी तिथल्या बाजारातला दाव, म्हणजे तिकडचा कोयता, घे, त्या कामाला त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

तुला हवं साधारण १० ते ११ सेंटिमीटरचं पातं, पाठीला ३ ते साडेतीन मिलिमीटर जाड, एकाच बाजूला धार, पाठ सपाट. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पात्याचा लोकांना फार सोस असतो. ते दणकट दिसतं, पण पुठ्ठ्यात किंवा दोरात शिरताना पाचरीसारखं अडतं. दातेरी धार नायलॉनचा पट्टा झटकन कापते हे खरं, पण ती घासायला वेगळी गोल कानस लागते. मुख्य चाकूला साधी धार ठेव.

घडीचा चाकू मुख्य म्हणून नेऊ नकोस. खिळीभोवती बारीक वाळू जाते, बर्फाचं पाणी शिरून गोठतं, आणि लॉक सोडवायला लागणारं बोट मोज्यातून नेमकं टेकत नाही. लॉक अर्धवट बसलेला कळला नाही तर पातं बोटांवरच मिटतं.

आता मुठीकडे ये, कारण चाकू मोडतो तो इथेच. मुठीत जाणारा पात्याचा भाग पूर्ण लांबीचा आणि शक्यतो पूर्ण रुंदीचा हवा. होकायंत्र आणि काडेपेटी पोटात घेऊन येणारे पोकळ मुठीचे चाकू बाजारात भरपूर आहेत. त्यांच्यात पात्याचं जेमतेम बोटभर शेपूट नळीत अडकवलेलं असतं आणि पहिल्या जोरालाच ते ढिलं होतं. विकत घेताना पातं आणि मूठ जिथे मिळतात तो कोपरा उजेडात धरून बघ. तो काटकोनात कापलेला असेल तर चीर तिथूनच सुरू होणार. थोडी गोलाई ठेवलेली असेल तर करणाऱ्याला काम कळतंय असं समज. मग मुठीच्या दोन्ही फळ्यांवर नखाने टकटक कर. आवाज भरीव यायला हवा. कुठे पोकळ वाजलं तर फळी आणि पोलाद यांच्यात फट आहे, आणि त्या फटीत गेलेलं पाणी गोठलं की फुगून फळी उचकटतं.

मुठीची लांबी साडेअकरा-बारा सेंटिमीटर लागेल, पुढे बोट पात्यावर घसरू नये एवढा आड. उघड्या धातूची मूठ अजिबात नको, कडाक्यात ओलसर कातडी तिला चिकटते. शिसवी मूठ देखणी असते, पण लडाखच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि रिवेट सैल होतात. मायकार्टा किंवा जी-१० म्हणून जे राळेत दाबलेलं कापड आणि काचतंतू मिळतात, ते गारठ्यात तडकत नाहीत. मऊ रबर इथे हाताला छान लागतं, तिथे दगड होतं.

पोलादाचं सांगतो. तयार चाकू घ्यायचा तर १४सी२८एन हे गंज न धरणारं स्वीडिश पोलाद मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. धार बारीक येते, तुकडे उडत नाहीत, घासायलाही सोपं. मोरा या स्वीडिश कंपनीच्या गार्बर्ग नावाच्या चाकूत तेच आहे: १०९ मिलिमीटरचं पातं, ३.२ मिलिमीटर जाडी, मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं पोलाद. मिळाला तर डोळे झाकून घे. डी२ पोलादाची धार दीर्घकाळ टिकते, पण बारीक धारेला कपचे जातात आणि तंबूत बसून ते घासणं जिवावर येतं. पात्यावर नुसतं ‘४४०’ कोरलेलं असेल तर विश्वास ठेवू नकोस. ४४० मध्ये ए, बी आणि सी असे तीन प्रकार आहेत. सी मध्ये कार्बन ०.९५ ते १.२० टक्के, ए मध्ये ०.६० ते ०.७५. कोणता ते लपवणारा बहुधा स्वस्तातला देतो.

इथल्या उद्यमनगरातल्या कारखान्यात करून घ्यायचा विचार असेल तर तेही जमण्यासारखं आहे. फक्त ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा करू नकोस. पाट्याचं पोलाद मुळात चांगलं चिवट असतं. पण वर्षानुवर्षं दणके खाल्लेल्या पाट्यात डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, आणि पाणी देताना, म्हणजे तापवून विझवताना, त्या उघडतात. त्यापेक्षा ईएन३१ ची नवी पट्टी घे, बेअरिंगचं पोलाद, साधारण एक टक्का कार्बन. भट्टीवाल्याला स्पष्ट सांग: ८२० ते ८४० अंशांवर तापवून कोमट तेलात विझवायचं, आणि गार होताच २०० ते २२० अंशांवर दोन-दोन तास असं दोनदा टेंपर करायचं, म्हणजे ठिसूळपणा जाईल इतकं पुन्हा तापवायचं. कडकपणा ५८ रॉकवेलच्या आसपास हवा. लोक ६१-६२ मागतात. एवढं कडक पोलाद उणे तापमानात आणखी ठिसूळ होतं आणि गोठलेल्या डब्याच्या काठावर आपटलं की धारेचा तुकडा जातो. नुसत्या रंगावर तापमान ओळखणाऱ्याकडून भर उन्हात पाणी देऊन घेऊ नकोस. उजेडात रंग फिका दिसतो, पोलाद जास्त तापतं आणि आतला कण जाड होतो. चाकू हातात आला की धारेजवळ कानस हलकेच फिरव. ती घसरली किंवा जेमतेम चावली तर पाणी बरोबर, सहज चावली तर पोलाद मऊ राहिलं. नंतर पितळेच्या सळईवर धार टेकवून दाब. धार किंचित वाकून परत सरळ झाली की काम झालं. वाकलेलीच राहिली तर मऊ, कपचा उडाला तर फार कडक. ईएन३१ गंजतं, हे मात्र लक्षात ठेव.

जोडीला एक मल्टीटूल हवंच, पक्कड आणि डबा उघडायच्या पात्यासाठी. चाकूने डबे फोडणं, स्क्रू फिरवणं, खोक्याचे खिळे उचकटणं ही टोक मोडायची हमखास कारणं. लेदरमन कंपनीचं वेव्ह चांगलं, २४० ग्रॅमच्या आसपास भरतं. मिटलेल्या अवस्थेतच बाहेरून पातं उघडता येत असल्याने मोज्यांसकट जमतं. नक्कल ओळखायची तर पक्कड मिटवून उजेडासमोर धर. जबड्यांच्या टोकाशी उजेड दिसला तर ठेवून दे.

म्यानासाठी तुला कोल्हापुरी चामडंच आठवणार. इथलं चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलेलं, टणक आणि आकार धरणारं. लडाखच्या कोरड्या हवेत ते चालेल, पण पातं कायम त्यात ठेवू नकोस. ओल धरलेलं असं चामडं साध्या पोलादाला रात्रीत काळं करतं. तीन-साडेतीन मिलिमीटर जाड चामडं, आणि दोन थरांच्या मधे धारेच्या बाजूला चामड्याचीच पट्टी शिवलेली हवी. ती नसेल तर धार थेट टाक्यांवर येते, दोरा कापला जातो, आणि एक दिवस म्यान धरलेला हात कापतो. म्यान तयार झालं की चाकू आत घालून उलटं धर आणि झटक. पडला तर म्यान पुन्हा बांधायला दे.

कमरेला उजवीकडे सरळ लटकवलेलं म्यान पाठीवरच्या पिठ्ठूच्या पट्ट्याखाली अडकतं आणि गाडीत बसताना टोचतं. डाव्या कमरेला जरा पुढे, तिरकं बांध, टोक जांघेकडे येणार नाही असं. छातीवर उलटं लटकवणं रुबाबदार दिसतं, पण पकड सैल झाली की चाकू पायावर. मग मोजे घालून उभ्याने, बसून, पालथं पडून, उजव्या आणि डाव्या हाताने काढ-घाल कर. बहुतेक कापणं चाकू परत घालतानाच होतं.

धार लावायला पाण्याचा दगड नेऊ नकोस, आत मुरलेलं पाणी गोठलं की दगड फुटतो. दोन बाजूंची छोटी डायमंड प्लेट ने, एकीकडे ४०० ची भरड, दुसरीकडे १००० ची बारीक. ती कोरडी चालते. कोन दर बाजूला २० अंश. अंदाज असा घ्यायचा: पातं अडीच सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ प्लेटपासून साडेआठ मिलिमीटर उचलायची. धारेच्या उतारावर मार्कर पेनने शाई लाव, एक हात फिरव आणि बघ. शाई फक्त वरच्या बाजूने गेली तर पाठ फार खाली आहे, फक्त धारेच्या अगदी कडेची गेली तर फार वर. सगळी सारखी गेली की कोन सापडला. गार्बर्ग घेतलास तर एवढा खटाटोपही नको, त्याचा रुंद उतारच प्लेटवर सपाट टेकतो. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला नखाला बर, म्हणजे पलीकडे वळलेली पोलादाची बारीक कड, लागेपर्यंत, टाचेपासून टोकापर्यंत. बर आली नाही तोवर बाजू बदलू नकोस. धार येत नाही म्हणून कंटाळणारे बहुतेक इथेच घाई करतात. शेवटी दाब कमी करत आलटून-पालटून पाच-सहा हात, आणि जुन्या चामडी पट्ट्यावर बफिंगचा हिरवा साबण लावून उलट दिशेने पंधरा-वीस हात. निघायच्या आधी घरातल्या दोन सुऱ्यांवर हात बसवून घे.

तेलाचं एक राहिलं. खोबरेल २४ अंशांच्या खालीच थिजतं, आणि शेंगदाणा तेल चिकट होऊन वाळू धरतं. पात्याला औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन फडक्यावर दोन थेंब घेऊन पूस, म्हणजे त्याच चाकूने कांदाही कापता येतो. बाहेरून गारठलेला चाकू बुखारीच्या (शेगडीच्या) उबदार खोलीत आणलास की पात्याला घाम सुटतो. तो पुसल्याशिवाय म्यानात घालायचा नाही, गंज न धरणारं पोलाद असलं तरीही.

कायद्याचंही बघून ठेव. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रात मोजतात, घरगुती, शेतीची, शास्त्रीय आणि कारखान्यातली अवजारं सोडून. आपला त्याच्या बराच आत आहे. तरी इथे गावात असेपर्यंत कमरेला लावून फिरू नकोस. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे मनाई आदेश लागतात, त्यात चाकूही येतो. दिल्लीहून लेहच्या विमानात तो जमा करायच्या सामानात टाक, हातातल्या बॅगेत राहिला तर तिथेच काढून घेतील. आणि खाजगी चाकू बाळगायला पलटणीत चालतं का, हे विकत घेण्याआधी सुभेदार साहेबांना विचार.

म्यान मी इथे चप्पल लाइनला बांधून घेतो. पट्ट्याची रुंदी, मोजे घातलेल्या तळव्याचा घेर आणि निघायची तारीख लगेच कळव. शिवायला आणि मेण मुरायला आठ दिवस तरी धर.

काकांना नमस्कार सांग.

तुझा दोस्त

ता. क. जखमी माणसाचे कपडे किंवा बुटाची नाडी कापायला चाकू वापरायचा नाही. हलत्या गाडीत, थरथरत्या हाताने टोक अंगात जातं. त्यासाठी बोथट टोकाची, खालचं पातं चपटं असलेली कात्री मिळते. ती प्रथमोपचाराच्या पिशवीत सगळ्यात वर, मोज्याच्या बोटाने ओढता येईल अशी दोरी लावून ठेव.