पांढरी भुकटी

सातारा

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवून दिलास, त्याचं मला काही वाटलं नाही. तुझ्या संग्रहातल्या शिशाच्या जुन्या खेळण्यातल्या शिपायांवर पांढरी भुकटी कसली आलीय एवढंच तू विचारलं होतंस आणि मी ओवी कुठे कुठे रांगते ते विचारत बसले. तर आधी तुझं उत्तर.

ती बुरशी नव्हे, शिशाचं कार्बोनेट आहे. नवं कपाट ओकचं घेतलंस ना? ओकच्या लाकडातून अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सुटत राहते. व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल. दारं घट्ट, आत हवा कोंडलेली, मग ती वाफ शिसं खात सुटते. जुने शिपाई आधी बाहेर काढ आणि काचेच्या नाहीतर पत्र्याच्या कपाटात हलव. भुकटी कोरड्या ब्रशने झटकू नकोस, उडते. ओल्या फडक्याने टिपून घे आणि फडकं फेकून दे. हे मी शिपायांच्या काळजीने सांगतेय.

दक्षिण आफ्रिकेतली रोर्क्स ड्रिफ्टची इंग्रज-झुलू लढाई तू शिपायांनी मांडलीस, तिचा फोटो मोठा करून पाहिला. बाबांनी भिंग काढलं. मक्याच्या पोत्यांची शिवण दिसते रे! बिस्किटांच्या खोक्यांवरच्या फळ्यासुद्धा वेगळ्या कळतात. शिपायांची पांढरी हेल्मेटं चहात बुडवल्यासारखी मळकी केलीस, ते मला आधी चुकल्यासारखं वाटलं. बाबा म्हणाले, नाही, लांबून नेम धरता येऊ नये म्हणून ती माणसं खरंच चहाने हेल्मेटं रंगवायची. लाल डगल्याच्या बाहीला हिरवी पट्टी, चोविसाव्या पलटणीची. इतकं बारीक काम तुला कुणी शिकवलं? माझ्याकडून तर नाही. मला धड रांगोळी येत नाही.

एक मात्र विचारायचं होतं. पोत्यांच्या आत तीसेक गोरे आणि बाहेर झुलू आठच? त्या रात्री आत दीडशेच्या आसपास माणसं होती आणि बाहेर तीन-चार हजार. त्याच दिवशी, २२ जानेवारी १८७९ ला, थोड्याच मैलांवर इसांडलवानाला वीसेक हजार झुलूंनी इंग्रजांची अख्खी छावणी कापून काढली होती. तेराशेवर माणसं पडली. दुपारी सूर्यग्रहण लागलं होतं म्हणे. रोर्क्स ड्रिफ्टला अकरा व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांची सगळ्यात मोठी शौर्यपदकं, वाटली, मग सगळ्यांच्या कपाटांत तीच लढाई.

तू लहानपणी असा नव्हतास. दिवाळीच्या किल्ल्यासाठी राजवाड्यापाशी मावळे घ्यायला गेलो की तू कुंभाराकडे शत्रूचे सैनिक मागायचास. तो हसायचा, "शत्रू कोण घेतंय, वहिनी?" मग तू चार मावळ्यांना काजळाने दाढ्या काढून पलीकडे उभं करायचास. लढाई एका बाजूने होत नाही म्हणायचास. आणि कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचास. अजून धरतोस का? रंग जुने असतील तर त्यातही शिसं असतं.

बघ, आलेच तिथे. थांबते.

बाबांनी तुला सांगायला सांगितलंय की या लढाईचं एक टोक आपल्या गावात आहे. १८४८ साली आप्पासाहेब महाराज वारले आणि राज्य खालसा झालं, तेव्हा इथला कारभार पाहणारा इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, होता बार्टल फ्रियर. तोच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि काही वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर. १८७८ च्या डिसेंबरात त्याने झुलूंच्या सेत्श्वायो राजाला निर्वाणीचा खलिता धाडला, सैन्य मोडून टाक म्हणून. राजा ते करणार नाही हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. महिन्याभरात फौजा आत शिरल्या. म्हणजे लढाई लावणारा हाच, आणि तुझ्या कपाटात त्याचा पत्ताच नाही. एक टेबलामागे बसलेला साहेब कर की. पण तो मातीचा कर.

झुलूंमध्ये तो पुढचा, डोक्यावर काळी कडी असलेला, तो मला आवडला. ती कडी लग्न झालेल्यांची ना? बाबा म्हणतात उथुलवाना पलटणीतले बरेचसे चाळिशीचे, संसारी लोक होते. मैलोन् मैल चालून, नदी ओलांडून, उपाशीपोटी रात्रभर पोत्यांवर चढत राहिले. त्याच्या ढालीवरचे गाईच्या कातड्याचे ठिपके तू एकेक काढलेत. तसे अजून पन्नास कर, घाई नाही.

आता एकदाच लिहिते, परत काढणार नाही. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं आणि बाहेरचा थर थिजला की आतलं परत ओतून काढायचं, असे ते १८९३ पासूनचे पोकळ शिपाई. विलायतेत १९६६ च्या सुमारास ते बंद झाले ते उगाच नाही. मोठ्या माणसाच्या पोटात जितकं शिसं मुरतं त्याच्या चार-पाचपट लहान मुलाच्या मुरतं, आणि इतकं चालतं अशी मर्यादाच कुणी सांगत नाही. जेवणाच्या टेबलावर खरवडू नकोस. काम झालं की हात धू, शर्ट बदल, मग तिला घे. खालचे दोन कप्पे रिकामे कर. ओवीचं रक्त एकदा तपासून घ्या. मानसीलाही हेच वाटतं, तिने मला काही सांगितलेलं नाही, तिच्यावर चिडू नकोस.

"आई, तू वर्ग घेतेयस" म्हणालास. घेतला खरा. रागावू नकोस. शिरवळच्या वेळेस मी गप्प बसले होते, तेव्हापासून मला गप्प बसणं जमत नाही.

बाबांचा गुडघा बरा आहे. वेल्समधल्या ब्रेकनच्या म्युझियमला पुन्हा जाशील तेव्हा त्या खऱ्या झुलू ढालींचे फोटो पाठव, त्यांना हवेत.

तुझी,
आई

ता. क. आक्काच्या मुलाबरोबर नाचणीचं सत्त्व पाठवतेय. ओवीला रोज द्या. पोटात कॅल्शियम असलं की शिसं कमी मुरतं, पण मी त्यासाठी पाठवत नाहीये, तिला आवडतं म्हणून.